चंद्रीचं शिलंगण

घोड्यांना आणि घोड्यावर बसणाऱ्यांना शिकवण्यात माझा उभा जन्म गेला, पण निपाणीत मला अजून कुणी घोड्यावरून ओळखत नाही. जेवणावरून ओळखतात. परवा भर बाजारात एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि सोबतच्या नातवाला सांगितलं, "हे बघ, इनामदाराला तलवारीसकट घरी जेवायला न्हेलता, त्यो ह्योच!" नातू हसला. म्हातारा हसला. मीही हसलो. (दुसरं काय करता!) तेव्हा म्हटलं, एकदा सगळं आपल्याच तोंडानं सांगून टाकावं. लोक सांगतात त्यात घोडी फारच शहाणी दाखवतात.

आमचं घर जैनाचं आणि धंदा तंबाखूचा. आमच्या घराण्यात कुणी तलवार पाहिलीच असेल, तर ती दुसऱ्याच्या भिंतीवर. अशा घरात मला घोड्याचं वेड लागलं ते बेळगावात. शिकायला म्हणून मला शहापुरात आत्याकडं ठेवलं होतं. आत्याच्या शेजारी दोन्ही बाजूंना लुगड्यांचे माग चालायचे, आणि मला त्या खटखटीत टापा ऐकू यायच्या. शाळेला म्हणून निघायचो ते कँपाच्या मैदानाच्या कडेला जाऊन बसायचो. गोरे सोजीर घोडे फिरवायचे आणि मी कुंपणाबाहेरून, दप्तर मांडीखाली घेऊन, त्यांच्याबरोबर खालीवर व्हायचो! शेवटी आत्यानं आप्पांना निरोप धाडला, "पोरगं हुशार हाय, न्हाय असं न्हाय. पर सगळी हुशारी घोड्यात गेलीया. घिऊन जावा."

आप्पा म्हणजे माझे वडील. बोलायचे कमी, आणि बोलले की समोरच्याला बसायला जागा उरायची नाही.

"घोड्यावर बसून जाणार कुठं तू?" त्यांनी विचारलं.

"कुठं न्हाय आप्पा. नुसतं घोड्यावरच बसायचं. चाबुकस्वार व्हायचं. नवी घोडी शिकवायची."

"कुठं जायाचं न्हाय, नुसतं बसायचंच हाय, तर वखारीत गादीवर बस की! तिथं लाथ तर बसायची न्हाय."

पण आप्पांच्या दारातच घोडी होती, तिला काय करणार! चंद्री तिचं नाव. रंगानं बदामी, कपाळावर पांढरा चांद. आप्पा तिच्यावर बसून आसपासच्या गावांतला तंबाखू बघायला जायचे. आमच्या घरात दिवस बुडाल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही, त्यामुळं आप्पा कुठंही असोत, कितीही सौदा रंगात येवो, सूर्य कलला की घराकडं. आई दारात उभी असायची. आईचं माहेर चिकोडीकडचं कानडी मुलखातलं, त्यामुळं ती जनावरांशी कानडीत बोलायची. "बा, बा!" म्हणायची, म्हणजे ये, ये. चंद्री आली की तिच्या तोंडात आधी भाकरी आणि गुळाचा खडा जायचा, मग आप्पांचं पान वाढलं जायचं. हे इतकं रोजचं होतं, की आमच्यापैकी कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. दिलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

आप्पांचं काम नसेल तेव्हा चंद्री माझी. आणि काय सांगू तुम्हाला, ती घोडी माझ्या मनातलं ओळखायची! संध्याकाळी माळावर फिरताना 'चला, आता परत फिरू' असं नुसतं मनात आणायचा अवकाश, लगामाला हात लावायच्या आधी ती वळलेली असायची. लगाम म्हणजे नुसती शोभा! मी हे आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, अभिमानानं सांगितलं. आक्का म्हणाली, "मग तुझ्या मनात काय हाय ते तिलाच इचारून आमाला सांग बाबा. आमाला तर हितनं काय दिसत न्हाय."

अशात बातमी आली, की कोसावरच्या गावातल्या इनामदारांचा म्हातारा चाबुकस्वार लेकीकडं राहायला गेला आणि पागेतली त्याची जागा रिकामी आहे. मी चंद्रीवर टांग मारली आणि इनामदारांच्या दारात जाऊन उभा राहिलो. इनामदार देहानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. गाव त्यांना 'सरकार' म्हणायचं. दसरा तोंडावर आलेला, आणि नेमका त्यांचा मिरवणुकीचा पांढरा घोडा पुढच्या पायानं लंगडत होता. त्यामुळं सरकारांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच, चंद्रीकडं होतं.

"घोडी गुणाची दिसतीया," ते म्हणाले. "कुणी शिकवलीया?"

"मी, सरकार." (इथं थांबलो असतो तरी चाललं असतं.) "एकट्यानं! माझ्या शब्दाबाहेर न्हाय. मनात आणलं की वळती."

सरकारांनी मिशीवर हात फिरवला. "मग असं कर. ह्या दसऱ्याला शिलंगणाला मी हिच्यावर बसतो. समदं नीट झालं, तर चाबुकस्वाराची जागा तुझी."

त्या गावच्या शिलंगणाची रीत सांगायला पाहिजे. दसऱ्याला शिवेबाहेरच्या आपट्यापर्यंत मिरवणूक जायची. सरकारांचा घोडा सगळ्यांत पुढं, त्याच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. घोडा थांबला की गाव थांबायचं, घोडा वळला की गाव वळायचं. सरकारांनी झाडाला तलवार टेकवली की मग बाकीच्यांनी सोनं लुटायचं. त्यांच्या वाडवडलांपासून हे चुकलं नव्हतं. वरीसभर गावाचा मान त्या तलवारीच्या टोकावर असायचा म्हणा ना.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हे चंद्रीला. सरकारचा मान ऱ्हायला तर जा पागेत, मी आडवा येणार न्हाय. पर काय इपरीत झालं, तर दिवाळीच्या पाडव्याला वखारीच्या गादीवर बसायचं, आन् पुन्यांदा घोड्याचं नाव काढायचं न्हाय. हाय कबूल?"

"कबूल!" मी छाती काढून म्हणालो.

चुलीपुढून आई एवढंच म्हणाली, "तिच्या जेवणाची येळ तेवढी चुकवू नगंस रं."

"आई, घोडी हाय ती!" मी हसलो. "तिला कसलं आलंय व्रत!"

मग मी तयारीला लागलो. तयारी म्हणजे अशी, की कँपातल्या गोऱ्यांनी तोंडात बोट घालावं! चंद्रीच्या कानाशी ताशा वाजवला. हलगी वाजवली. ठासणीच्या बंदुकीचा बार काढला. तोंडासमोर छत्री उघडली, मिटली. आक्काला हातात सूप घेऊन अंगावर ओरडत यायला लावलं. (आक्कानं हे काम फार मन लावून केलं, आणि बराचसा ओरडा मलाच होता.) घोडीनं शेपटीसुद्धा हलवली नाही. सगळी परीक्षा सकाळच्या गार वेळेला व्हायची, कारण दुपारी ऊन, आणि संध्याकाळी मला घरी जेवायला जायचं असायचं! घोडीला जग दाखवलं, तेवढी संध्याकाळ दाखवायची राहिली.

दसऱ्याला चंद्रीच्या गळ्यात झेंडूच्या माळा, पाठीवर जरीची झूल. मी स्वतः आप्पांचा कोट घालून, हातात कारण नसताना छडी घेऊन. मिरवणूक निघायची दुपार कलताना, पण सरकारांचा फेटा काही केल्या मनासारखा बसेना. एकदा तुरा डावीकडं गेला, एकदा शेमला आखूड झाला. शेवटी सरकारांना ओट्यावरून घोडीवर चढवलं. चंद्री जरा वाकली, सावरली, आणि मान ताठ करून उभी राहिली. लोक म्हणाले, "वा!" मी मान लववली. मला वाटलं मलाच म्हणाले.

पागेतला मोतद्दार लगाम धरायला पुढं आला.

"सोडा, सोडा," मी त्याला म्हणालो. "माझ्या घोडीला धराय लागत न्हाय."

"आवो, रीत हाय. गर्दी असती."

"ज्याला घोडं येत न्हाय त्यानं धरावं!" मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो. मोतद्दार गुमान मागं झाला.

आपट्यापाशी पोचलो. ताशे थांबले. भटजींनी मंत्र सुरू केले, आणि यंदा सरकारांकडून नवं धोतर मिळालेलं असल्यामुळं ते मंत्रात काहीच काटछाट करीनात. सूर्य माळावर हातभर उरला. मला सपाटून भूक लागली. पोटात असं काही कोकललं, की शेजारच्या ताशेवाल्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं! माझ्या पोटात जे झालं, तेच शेजारी झूल घालून उभी होती तिच्याही पोटात झालं होतं. पण चाबुकस्वाराला भूक लागत नसते, असं मी स्वतःला बजावलं आणि छडी घट्ट धरली.

चंद्रीनं एक कान मागं टाकला. मग दुसरा. भटजी म्हणाले, "सरकार, शस्त्र!" सरकारांनी मोठ्या थाटानं तलवार उपसली, उचलली, झाडावर टेकवायला खाली आणली, आणि तलवार हवेत टेकली. कारण झाड होतं तिथंच होतं, सरकार तिथं नव्हते! चंद्री वळली होती. उधळली नाही हो, लाथ नाही, खिंकाळणं नाही. घरंदाज बाई उठून जेवायला जावी तशी शांतपणे वळली आणि चालू लागली. मग दुडकी. मग दौड.

"आरं, थांबीव तिला!" सरकार ओरडले.

"लगाम वढा, सरकार!"

"वढतोयच की! कुणाचं ऐकती ही?"

"माझं, सरकार!"

"मग सांग की मुडद्या तिला!"

मी शीळ घातली. हाका मारल्या. माझा आवाज ऐकून चंद्रीनं वेग आणखी वाढवला. तिला वाटलं असणार, चला, हाही निघाला घरी.

इकडं गावाचा गोंधळ उडाला. "सरकार वळलं!" "आता कुठं?" "कुठं काय कुठं? घोडा वळंल तिकडं जायाची रीत हाय! चला!" आणि सगळं गाव वळलं. ताशेवाले वाजवत पळाले. पालखीवाले पालखी घेऊन पळाले. भटजी हातात पूजेचं ताट आणि तोंडात राहिलेला मंत्र घेऊन पळाले. नवं धोतर आडवं येत होतं, तरी मंत्र तुटू दिला नाही, हे त्यांचं मानलं पाहिजे.

मी पळालो तो पहिल्या बांधाला आप्पांच्या कोटात पाय अडकून पडलो. तिथं मला शाळामास्तरांनी गाठलं. मास्तरांकडं सायकल होती. "बस मागं," ते म्हणाले. "घट धर. आन् पाय वर घे, चाकात जात्याल." घोड्यासाठी जन्मलेला मी, आयुष्यातली सगळ्यात मोठी दौड सायकलच्या कॅरियरवर बसून मारली! मास्तर पायडल मारता मारता म्हणाले, "एवढी परीक्षा घेतली म्हणं घोडीची?"

"समदी घेतलीया, मास्तर."

"व्हय व्हय, दिसतंय की."

वाटेतल्या वस्तीवर लोकांनी दारं लावून घेतलेली. इनामदार उपसलेली तलवार घेऊन निपाणीवर चालून गेले आणि मागं सगळं गाव ताशे वाजवत गेलं, असं एका म्हातारीनं आम्हाला दाराच्या फटीतून सांगितलं. निपाणीत शिरलो तर अर्धा बाजार बंद. नाक्यावरचा हवालदार अजून सलाम ठोकलेल्याच पवित्र्यात उभा होता. "कोण व्हतं?" त्यानं आम्हालाच विचारलं.

पुढचं मला आक्कानं सांगितलं. (पुढं जन्मभर सांगितलं.) चंद्री नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या दारात, नेहमीसारखी येऊन थांबली. आई भाकरी आणि गूळ घेऊन उभी. "बा, बा!" म्हणाली, घोडीला भरवलं, आणि मग मान वर करून बघितलं तर आप्पांच्या जागी हे! फेटा सुटून गळ्यात आलेला, हातात नंगी तलवार, तोंडाला फेस. म्हणजे सरकारांच्या. घोडी ताजीतवानी होती.

"मी इनामदार..." सरकारांनी सुरुवात केली.

"असाल वं," आई म्हणाली. "आधी उतरा, पाय धुवा. दिवस बुडाया लागलाय. आन् ते हातातलं कोपऱ्यात ठिवा, कुणाला तर लागंल."

आईला नाही म्हणणं आप्पांनाही कधी जमलं नव्हतं. मी सायकलवरून उतरून धापा टाकत दारात पोचलो, तर सरकार पाटावर बसलेले, पुढ्यात दसऱ्याची पुरणपोळी, समोर आप्पा. बाहेर अख्खं गाव अंगणात. मला वाटलं सरकार उठून मला तुडवतील. बरं झालं असतं! पण त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तो एवढा मोठा आवाज एकदम खाली आला.

"झाडाला हात लागला न्हाय रं माझा," ते म्हणाले. "बाऽच्या माघारी एकदाबी चुकलं न्हवतं."

खरं सांगतो, आतापर्यंत मला माझ्या नोकरीची पडली होती. त्या वाक्यानं मात्र मी मातीत गेलो. एका बढाईपायी मी एका माणसाचा वाडवडलांपासूनचा मान ताटापुढं आणून बसवला होता. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. आत यायला पाय उचलेना, आणि पळून जावं तर मागं सगळं गाव.

आप्पांनी हात धुतला आणि उठले. "सरकार, घरामागं परड्यात आमचा आपटा हाय. ऊन हाय अजून त्याच्यावर. चला."

"तुमच्या परड्यात?"

"शिलंगण म्हंजे शीव वलांडायची. तुमचं वाडवडील एक शीव वलांडायचं. तुम्ही आज वाटंतल्या समद्या वलांडून आलायसा. ह्याच्यावर मान कंचा?"

हे आप्पांनी अंगणातल्या गावाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. मग भटजी, ताट सावरत, जिथं राहिला होता तिथून मंत्र म्हणायला लागले. ताशे कडाडले. सरकारांनी आमच्या आपट्याला तलवार टेकवली आणि गावानं सोनं लुटलं. असं लुटलं, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या झाडाला सावली नव्हती. "असलं शिलंगण बघिटलं न्हवतं बा!" म्हणत लोक एकमेकांना भेटत होते. सरकारांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आप्पांच्या पाया पडायला वाकले, आणि आप्पांनी त्यांना मधेच धरलं.

मान राहिला. माझा नव्हे, सरकारांचा.

सरकार परत पाटावर बसले. अर्धी पोळी संपवली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "हिला कुणी शिकवलीया म्हणालास?"

आक्का पदर तोंडात धरून भिंतीकडं वळली. तेवढ्यात चंद्रीनं दारातून मान आत घातली. आईनं पोळीवरची नजर न काढता मागं हात केला, भाकरीचा तुकडा दिला. तुकडा खाल्ल्यावर घोडी मान काढून घेऊन गुमान बाजूला उभी राहिली.

"कळालं," सरकार म्हणाले. "चाबुकस्वाराची जागा वैनींची. येत्यात का इचारा."

"माझी चूल कोण बघंल?" आई म्हणाली. तिला तो खराच प्रश्न वाटला होता.

मी आप्पांकडं बघितलं. पाडवा दिसायला लागला, वखारीची गादी दिसायला लागली. "आप्पा, शब्द शब्द हाय. बसतो वखारीत."

"नगं," आप्पा म्हणाले. "सरकार, ह्याला तुम्हीच न्या."

"आँ?" सरकार आणि मी एकदमच म्हणालो.

"वखारीत बसीवला तर लोकं तंबाखू बघायच्या आधी ह्यालाच बघाया येत्याल. धंदा बसंल माझा. न्या तुमच्याकडं. पागा गावाच्या भाईर हाय न्हवं?"

सरकारांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोतद्दार म्हणून न्हेतो. एक वरीस घोड्यावर टांग टाकायची न्हाय. मागनं चालायचं, लीद काढायची, आन् कोण कुणाला फिरवतंय ते बघायचं. हाय कबूल?"

या वेळी मी छाती काढली नाही. नुसती मान हलवली. अशी माझी घोड्यांच्या धंद्यातली पहिली नोकरी लागली. गुणावर नव्हे, घरात ठेवायची लाज वाटली म्हणून. आणि ज्याला सगळ्यांच्या देखत मागं सारलं होतं, त्या मोतद्दाराच्या हाताखाली मला वर्षभर लीद काढावी लागली. तो एकदाही काही बोलला नाही. रोज सकाळी नुसता लगाम माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "धरा. रीत हाय."

पण त्या संध्याकाळचं शेवटचं राहिलं. उन्हाची तिरीप भिंतीवरून छपराकडं चालली होती. दाराच्या एका बाजूला चंद्री उभी, दुसऱ्या बाजूला मी, मान खाली घालून. एवढी लाज काढून घेतल्यावर जेवण काय जाणार! मी ठरवलं होतं, आज उपाशीच राहायचं, निदान तेवढा तरी बाणेदारपणा दाखवायचा. आईनं ताट वाढलं, दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "बा, बा!"

आम्ही दोघांनीही उंबऱ्यात पाय टाकला.